दंडावरचा शुगरचा सेन्सर टिकतच नाही. कंडक्टरची नोकरी आहे, काय करू?

वस्तीची_गाडी (बेळगाव)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहूलालोय, चूकभूल सांभाळून घ्या.

मी बसवर कंडक्टर. वय ४९. शुगर लागून अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची तीन वर्षं इन्सुलिन. गेल्या पावसाळ्यात कणकुंबीच्या वस्तीच्या गाडीवर होतो. पहाटे जाग आली ती घामानं चिंब होऊन. हात थरथरूलालेत, ड्रायव्हर काहीतरी विचारतोय ते कळतंय, पण जीभ वळत नाही. त्या माणसानं आधल्या रात्रीच्या थर्मासमधल्या चहात चार चमचे साखर ढवळून पाजली म्हणून आज हे लिहितोय. डॉक्टर म्हणाले, रात्री काय होतंय ते बोट टोचून कळणार नाही, दंडावर सेन्सर लावा. चौदा दिवस चालतो, मोबाईलवर आकडा दाखवतो, शुगर खाली गेली की ओरडतो.

ओरडतो खरा. पण दंडावर राहिला तर!

पहिला सहाव्या दिवशी गेला, दुसरा नवव्या. तिसरा तिसऱ्याच दिवशी, तोही जांबोटीच्या स्टँडवर. मागनं एक आजीबाई म्हणाल्या, "मामा, तुमचं बटण पडलं बघा." त्या बटणाला मी साडेचार हजार मोजलेत आजी, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

माझं काम कसं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. ११ जून २०२३ पासून आमच्या कर्नाटकात बायकांना बस फुकट. चांगलं आहे, माझी बायकोपण माहेरी जास्त जायला लागली. पण फुकट असलं तरी प्रत्येकीला शून्य रुपयाचं तिकीट फाडावं लागतं, म्हणजे प्रत्येकीपर्यंत पोचावं लागतं. गाडी दारापर्यंत भरलेली. "मुंद होग्री, जरा पुढं सरका" असं दोन्ही भाषांत ओरडत, डाव्या हातानं वरचा दांडा धरून, उजव्या हातात मशीन घेऊन इथनं तिथनं रेटत जायचं. घाम विचारू नका. खानापूरच्या पुढं पाऊस लागला की वरनं तोपण.

सेन्सर डाव्या दंडाला, मागच्या बाजूला, डॉक्टरांच्या माणसानं दाखवला तिथंच लावतो. सोबतच्या स्पिरिटच्या कापसानं पुसूनच लावतो. तरी सुटतोय. हा घामाचाच प्रताप का? वरनं काय चिकटवायचं? आमचा ड्रायव्हर म्हणतोय फेविक्विकचे दोन थेंब टाक, जन्मात निघणार नाही.

---

निवृत्त_सिस्टर (निपाणी)

फेविक्विकचं आधी संपवते. नाही म्हणजे नाही. तो द्रव कापडावर किंवा कापसावर सांडला की तापतो, कातडी भाजते. आणि "जन्मात निघणार नाही" हाच तर त्याचा दोष. चौदाव्या दिवशी सेन्सरबरोबर कातडं सोलून येईल. मधुमेहात जखम लवकर भरत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. ड्रायव्हरदादांचा साखरेचा चहा बरोबर होता, हे औषध चुकलं.

आता तुमचं. स्पिरिटनं पुसता म्हणता, पण पुसल्यावर किती थांबता? स्पिरिट पूर्ण उडून कातडी कोरडी ठक्क व्हायला हवी. ओलसर कातडीवर डिंक धरत नाही. शिवाय नुसत्या स्पिरिटनं तेलकटपणा सगळा जात नाही. आधी साध्या साबणानं दंड धुवा, तोही दुधा-मलईच्या जाहिरातीतला नको, तसले साबण कातडीवर मुद्दाम पातळ थर ठेवून जातात. पुसा, पंख्याखाली बसा, मग स्पिरिट, परत पंखा. केस दाट असतील तर कात्रीनं बारीक करा. वस्तरा लावायचाच तर आदल्या दिवशी, ताज्या वस्तऱ्यावर सेन्सर झोंबतो.

वेळही बघा. ड्युटीला निघताना घाईनं लावत असाल तर ते चुकतंय. हा डिंक दाबानं हळूहळू कातडीच्या बारीक रेघांत उतरतो, पक्का बसायला जवळजवळ एक दिवस घेतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आंघोळ करून लावा, लावल्यावर कडेकडेनं बोटानं अर्धा मिनिट दाबून धरा, आणि दुसऱ्या दिवशीचा घाम टाळा.

एक जुनी गोष्ट सांगते. वॉर्डात घाम येणाऱ्या पेशंटची चिकटपट्टी टिकायची नाही तेव्हा आम्ही पट्टीखाली टिंक्चर बेंझॉइन लावायचो. बेंझॉइन म्हणजे आपला ऊदच, तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घालतो तो. वासही तसाच. मेडिकलमध्ये छोटी बाटली स्वस्तात मिळते. कापसाच्या बोळ्यानं दंडावर बांगडीसारखं गोल लावायचं, मधली जागा, जिथं सुई शिरते ती, कोरीच ठेवायची. मिनिटभरात बोटाला चिकचिक लागायला लागलं की वर सेन्सर. पण काहींना त्याची ॲलर्जी असते, तेव्हा आधी मनगटाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दिवसभर बघा. लाल झालं, खाजलं, की विषय बंद.

सेन्सरच्या डिंकाचीही काहींना ॲलर्जी होते बरं. काही सेन्सरमध्ये सापडलेलं आयसोबॉर्निल ॲक्रिलेट नावाचं रसायन त्यासाठी बदनाम आहे. काढल्यावर गोल लाल चट्टा, पाणी सुटणं असं असेल तर ते घामोळं समजून दुर्लक्ष करू नका.

आणि पडलेला सेन्सर परत दाबून बसवलात का कधी? खरं सांगा. सेन्सरखालची, कातडीत शिरलेली ती केसासारखी तार एकदा बाहेर आली की संपलं, परत आत जात नाही. पण फेकूही नका. डबा आणि त्यावरचा नंबर ठेवून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा. माझ्या भावाला एक बदलून मिळाला होता.

शेवटचा प्रश्न: रात्री हातापायाला काय लावता? तेल, मलम, काहीही?

---

येळ्ळूरची_आई

दादा, माझा मुलगा तेरा वर्षांचा, टाइप वन. आठव्या वर्षी कळलं. सेन्सर पडण्यात आमची पीएचडी झाली आहे म्हणा.

आमच्या डब्यात लिहिलंय, एक मीटर पाण्यात अर्धा तास चालतो. विहिरीत मुटका मारणारं पोर मीटर मोजतंय होय? मे महिन्यात दोन सेन्सर विहिरीनं खाल्ले. तेव्हापासून मी वरनं पट्टी लावते. खेळाडू गुडघ्याला लावतात ती ताणली जाणारी सुती टेप, खेळाच्या सामानाच्या दुकानात रोल मिळतो. तळहाताएवढा तुकडा कापायचा. चारी कोपरे कात्रीनं गोल करायचे, हे विसरू नका, टोकदार कोपरा आधी उचलतो आणि मग सगळंच घेऊन जातो. मधे सेन्सरपेक्षा थोडं लहान भोक पाडायचं, म्हणजे सेन्सरची कड दाबली जाते आणि मधलं छिद्र उघडं राहतं. ते छिद्र झाकू नका असं आमच्या सेन्सरच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. लावताना मधे किंचित ताण, टोकांना अजिबात नाही. ताणून लावली तर कातडीला फोड येतात, हे मी माझ्या लेकराच्या अंगावर शिकले.

पट्टीची कड चार दिवसांत काळी होते, उसवते. ओढायची नाही. कात्रीनं सुटलेलं तेवढं कापायचं.

गोल बँडेज गुंडाळायच्या फंदात पडू नका. एकदा मी दंडाला घट्ट क्रेप बँडेज बांधलं, रात्रभर अलार्म. आकडा ५४, ५१. झोपेत गूळ भरवला. सकाळपर्यंत शुगर २९०! पोराला काहीच झालं नव्हतं. सेन्सरवर दाब आला की तिथल्या कातडीखालचं पाणी हटतं आणि आकडा खोटाच खाली येतो. त्या कुशीवर झोपलं तरी तेच. आता अलार्म वाजला की आधी कूस बदलायची आणि लगेच बोट टोचायचं. पण घाम, थरथर, बोबडी, असलं काही दिसलं तर आधी साखर, मग बाकी सगळं. तुमच्या त्या पहाटेसारखं असेल तर मीटर शोधत बसू नका.

---

वस्तीची_गाडी (बेळगाव)

सिस्टर, पकडलं तुम्ही. दुसरा सेन्सर नवव्या दिवशी अर्धा लोंबकळला तेव्हा दाबून बसवला होता आणि दोन तास "शुगर छान आहे" म्हणून खूश होतो. नंतर बोट टोचलं तर २३८.

रात्रीचं विचारलात. वस्तीला गाडीतच झोपतो. कणकुंबीला जून ते सप्टेंबर डास म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच विचारा. डासाचं मलम कोपरापासून खांद्यापर्यंत चोपडतो. सेन्सरच्या अवतीभवतीपण. हे चुकतंय होय?

येळ्ळूरच्या ताई, कुशीचं वाचून डोक्यात उजेड पडला. मी दोन माणसांच्या बाकावर डाव्या कुशीवरच झोपतो, कारण उजवीकडं वळलो की पाय मधल्या वाटेत येतात. रात्री तीनचे माझे निम्मे अलार्म तसलेच असणार. ड्रायव्हर म्हणतो, तुझं यंत्र आणि माझं इंजिन, दोन्ही रात्री बंद असलेली बरी.

---

ऊसकरी (अथणी)

एवढा खटाटोप कशाला? माझा बाप वीस वर्षं बोट टोचून जगला. मीटर बास आहे. चार हजारात ऊसाला खत येतं.

---

येळ्ळूरची_आई

काका, तुमच्या वडिलांना रात्री झोपेत शुगर उतरत नसेल. ज्याची उतरते त्याच्या घरच्यांना विचारा. बोट टोचायला जागं असावं लागतं.

---

निवृत्त_सिस्टर (निपाणी)

मलम चुकतंयच. ते तेलकट, चिकटपट्टीच्या कडेखाली झिरपतं आणि डिंक कडेकडनं मऊ करतं. दंडाला पूर्ण बाहीचा कपडा घाला, मलम मनगटाला आणि पायाला लावा. जमलं तर लहान मच्छरदाणी. झोपायची बाजू बदलता येत नसेल तर पुढचा सेन्सर उजव्या दंडाला लावून बघा.

---

शिलाई_मशीन (वडगाव)

मी डॉक्टर नाही, शिंपी आहे. मला शुगर नाही, बायकोला आहे, तिच्यासाठी इथं वाचत असतो. दोन प्रश्न विचारतो, राग मानू नका. सेन्सर दर वेळी कुठल्या बाजूनं सुटतो, वरच्या की खालच्या? आणि तुमच्या खाकी शर्टाची अर्धी बाही नेमकी कुठं संपते?

---

वस्तीची_गाडी (बेळगाव)

राग कसला ओ. तिन्ही वेळेला खालनंच उचकटला, कोपराकडच्या बाजूनं. मी समजलो घाम खाली ओघळतो म्हणून. बाही आरशासमोर उभं राहून बघितली. सेन्सरच्या खाली साधारण दोन बोटं संपते. हात वर केला की बाहीसकट वर सरकते, सेन्सर उघडा पडतो.

---

शिलाई_मशीन (वडगाव)

मग घाम नव्हे, तुमची बाही सोलूलालीय.

कसं ते सांगतो. बाहीचं टोक आत दुमडून शिवलेलं असतं. बाहेरून गुळगुळीत दिसतं, पण आतून हात फिरवा. दुमडीची वरची कड एक पायरी असते, खांद्याच्या दिशेनं तोंड केलेली. खाकीचं कापड जाड, दुहेरी-तिहेरी झालं की ती पायरी चांगलीच कडक. तुम्ही दांडा धरायला हात वर केला की बाही वर सरकते आणि ही पायरी सेन्सरच्या खालच्या कडेत अडकून तिला वर ढकलते. हात खाली आला की बाही त्याच्यावरून घसरून जागेवर. एका फेरीत किती वेळा हात वर जातो? आता दिवसाचा हिशेब तुम्हीच करा, तिकिटांचा करता तसा. नखानं स्टिकर सोलतो ना, तसंच.

म्हणून खालनं. घाम असता तर चहूबाजूंनी सुटला असता.

उपाय सोपा. शर्ट घेऊन ओळखीच्या शिंप्याकडं जा. बाहीच्या आत इंचभर माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, सोडलेली असते, ती उसवून बाही लांब करा, म्हणजे पायरी खाली जाईल. घेर दीड इंच वाढवा, बगलेखालच्या मायेतून निघतो. आणि दुमडीच्या आतून साटीनची पट्टी, अस्तरासारखी, पायरी झाकून वरपर्यंत घ्या. साटीन घसरतं, अडकत नाही. बाहेरून गणवेशात काहीच फरक दिसणार नाही. तपासनीसाला कळणारपण नाही.

पिशवीचा पट्टा कुठल्या खांद्यावर असतो? डाव्या असेल तर तोही उजव्यावर घ्या.

---

निवृत्त_सिस्टर (निपाणी)

एवढी वर्षं वॉर्डात काढली, गाऊनच्या बाहीकडं कधी बघितलं नाही. शाब्बास.

---

वस्तीची_गाडी (बेळगाव)

मंडळी, सतरा दिवसांनी लिहूलालोय. आधी लिहिलं असतं तर दृष्ट लागली असती, बायकोचं म्हणणं.

तिन्ही शर्ट शहापूरच्या शिंप्याकडं टाकले. साटीनचं नाव काढल्यावर तो माझ्याकडं बघत राहिला, म्हणाला, "लग्न हाय काय साहेब?" सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग त्याच्या गिऱ्हाइकालापण तीच गोष्ट परत सांगितली माझ्यासमोर, स्वतःच शोध लावल्यासारखी. त्यानं आतनं हात फिरवून दाखवलं तेव्हा ती पायरी माझ्यापण बोटाला लागली. तीन शर्टांचे तीनशे साठ रुपये झाले.

शनिवारी संध्याकाळी आंघोळ, साबण, पंखा, स्पिरिट, पंखा. उदाचं टिंक्चर गोल लावलं. वास घरभर, आई आतनं ओरडली, आज आमावास्या काय? मग सेन्सर. येळ्ळूरच्या ताईंची पट्टी सोमवारी लावली, कोपरे गोल करून, मधे भोक. भोक पहिल्यांदा मोठं झालं, दुसऱ्यांदा वेडंवाकडं, तिसरं जमलं. बायकोनं पेढ्याच्या डब्याचं झाकण ठेवून बाहेरचा गोल आखून दिला.

मलम दंडाला बंद. मच्छरदाणी गाडीत बांधायला जागा नाही म्हणून आता जुना पूर्ण बाहीचा टीशर्ट घालून झोपतो. उजव्या दंडाला लावायचं अजून जमलं नाही, कारण सेन्सर दंडात बसवायचं ते यंत्र डाव्या हातानं दाबायची सवय नाही. पण बाकावर डोकं दुसऱ्या टोकाला केलं, म्हणजे आता उजव्या कुशीवर झोपूनपण पाय वाटेत येत नाहीत. साधी गोष्ट, तीन वर्षं सुचली नाही. रात्री तीनचे अलार्म पंधरवड्यात दोनच आले. एकदा बोट टोचलं तर ११२, म्हणजे कुशीचाच. दुसऱ्यांदा ६३, खरा. दोन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत टोचलं, ८८. ड्रायव्हर घोरत होता, त्याला उठवावं लागलं नाही.

नवव्या दिवशी जांबोटीला मुसळधार. छत्री मिटता मिटता एका पोरानं तिचं टोक दंडावर घासलं. पट्टी फाटली, सेन्सर राहिला. अकराव्या दिवशी पट्टीची कड उसवली, ओढली नाही, कापली. चौदाव्या दिवशी रात्री मोबाईलनंच सांगितलं, मुदत संपली.

आता नवा प्रश्न आहे, सिस्टर. निघेना! पट्टी निघाली, खालचा गोल मात्र उदाच्या टिंक्चरवर असा बसलाय की केसांसकट ओढतोय. बायको म्हणते खोबरेल तेल लाव. तेल लावू का? आणि लावलं तर पुढचा सेन्सर कधी लावायचा, तेल गेल्याशिवाय चालणार नाही ना?

---

निवृत्त_सिस्टर (निपाणी)

बायको बरोबर आहे. कडेला खोबरेल तेल, दहा मिनिटं थांबा, मग एका बाजूनं कातडी दाबत दाबत सोडवा, वर ओढू नका. राहिलेला चिकचिकाट तेलाच्या कापसानं पुसा. मग साबण. नवा सेन्सर उजव्या दंडाला लावा, म्हणजे तेलाची भानगडच नको आणि डाव्या कातडीला चौदा दिवस विश्रांती. डाव्या हातानं दाबता येत नसेल तर बायकोला दाबायला सांगा, झाकण आखणाऱ्या बाईचा हात स्थिर असतो.

---

शिलाई_मशीन (वडगाव)

उजव्या बाहीलापण साटीन घातलंय ना?

---

वस्तीची_गाडी (बेळगाव)

नाही की ओ! उद्या परत शहापूर.